वाड्यातील मोटार आणि विम्याचा कागद

सीमाभागातील शाळेच्या मुख्याध्यापकाला शाळेबाहेरचेही एक काम असते. येथे सरकारी कागद कन्नडात येतात, बँकेचे व विमा कंपनीचे इंग्रजीत येतात, आणि घरातले बोलणे मराठीत चालते. तेव्हा कागदाचा अर्थ लावून घ्यावयाचा झाला म्हणजे लोक दिवेलागणीला मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसतात. जमिनीचे उतारे, न्यायालयाची समन्से, मुलींच्या प्रवेशाचे अर्ज असे सर्व काही आम्ही आजवर वाचून दिले आहे. मोटारीचे विमापत्र वाचण्याचा प्रसंग मात्र गेल्या श्रावणात प्रथमच आला.

भालकी तालुक्यातील एका जुन्या घराण्यातील वहिनी आपल्या चिरंजिवांना घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचे यजमान आमचे बालमित्र. ज्येष्ठात ते गेले. त्यांच्या वडिलांनी १९७३ साली घेतलेली फियाट मोटार अद्याप वाड्यात आहे आणि चालूही आहे. खंडेनवमीच्या पूजेला, मैलारच्या खंडोबाच्या दर्शनाला आणि घरच्या लग्नकार्यात वरातीला एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. तिच्या विम्याची मुदत आता संपत आली होती, आणि पुढचा विमा कोणता घ्यावा यावरून मायलेकांत मतभेद पडला होता.

चिरंजीव पुण्यास नोकरीत आहेत. ते म्हणाले, “काका, मोटार वर्षाकाठी दीडदोनशे किलोमीटर चालते. सर्वांत स्वस्त विमा घ्यावा आणि मोकळे व्हावे.”

वहिनी म्हणाल्या, “भावजी, मामंजींच्या हातची वस्तू आहे. हप्ता कितीही पडो, पण पूर्ण विमा हवा. उद्या काही झाले तर तशी मोटार पुन्हा कोठून आणायची?”

वहिनींचा हा प्रश्न वरवर भावनेचा वाटला, तरी तो व्यवहाराचाही आहे. वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे; त्यांचा जन्म तेथे १८८२ साली झाला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे तेव्हा मोटार दारात येई. या फियाटीचेच पुढे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले, आणि चालू शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिची जोडीदार अँबॅसडर २०१४ साली बंद झाली. विम्याचा सामान्य हिशेब असा, की मोटार जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी. नीट जपलेल्या जुन्या मोटारीच्या बाबतीत तो हिशेब लागू पडेनासा होतो. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

मायलेकांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आम्ही त्यांना आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगितली. वाचकांनाही ती सांगणे आवश्यक वाटते.

आम्ही आळंद तालुक्यात बदलीवर होतो, त्या वेळची गोष्ट. तेथील एका सधन शेतकऱ्याकडे वडिलांच्या वेळची जीप होती. गोठ्याशेजारी पत्र्याच्या छपराखाली ती उभी असे. गाडी चालत नाही, मग विमा कशाला, असे म्हणत हप्ता भरणे राहून गेले होते. वैशाखात पुतणीचे लग्न निघाले आणि नवरदेवाला जीपमधूनच मिरवावे अशी हौस घरच्यांना झाली. मेकॅनिकने दोन दिवस खपून गाडी सुरू केली. वरात थाटात पार पडली. परतताना उतारावर ब्रेक लागला नाही, आणि सायकलवरून घरी निघालेल्या एका गवंड्याचा पाय चाकाखाली सापडला.

त्या गवंड्याचा मुलगा आमच्या शाळेत सातवीत होता.

जीपचा मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. दवाखान्याचा पहिला खर्च त्याने न मागता केला. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणाने भरपाई ठरविली. विमा नसल्यामुळे ती सर्व त्याच्या अंगावर आली. त्याने दोन एकर जमीन विकली आणि थोडे थोडे करून रक्कम फेडली; त्यात तीन वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर त्या गवंड्याच्या घरी चूल कशी पेटत होती, हे आम्ही जवळून पाहिले. मुलगा पुढील वर्षी शाळेत आला नाही. आम्ही तीन महिने त्याचे नाव हजेरीपटावर राहू दिले, आणि मग लाल शाईने ते कमी केले.

ही हकीकत ऐकून चिरंजीव म्हणाले, “म्हणजे स्वस्त विमा घ्यावाच लागेल.” आम्ही म्हणालो, “घ्यावाच लागेल. आणि तो आपल्यासाठी नसून रस्त्यावरच्या त्या अनोळखी माणसासाठी आहे, एवढे ध्यानात ठेवून घ्यावा.”

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग परक्याच्या हानीचा. यालाच लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपल्या देशात तो १९४६ पासून सक्तीचा आहे, आणि आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली त्यावाचून सार्वजनिक रस्त्यावर वाहन काढता येत नाही. वर्षातून एकदा काढले तरी नियम तोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळच्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु दंड ही त्यातली लहान गोष्ट होय. माणूस दगावला किंवा जायबंदी झाला तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती विमा कंपनीने भरावयाची असते. परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीस साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे. या भागाचा हप्ता कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० घनसेंटीमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीस वर्षाला ३,४१६ रुपये पडतात. फियाट आणि जुनी पेट्रोल अँबॅसडर या दोन्ही या गटात बसतात. या भागात निवड करण्यासारखे काही नाही. तो भरावयाचाच.

निवडीचा प्रश्न येतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे आपल्याच मोटारीच्या हानीबाबत. येथे तीन वाटा आहेत. पहिली, हा भाग मुळीच न घेणे. दुसरी, परक्याच्या विम्याला केवळ आग व चोरी यांची जोड देणे. बहुतेक काळ वाड्यात उभ्या असणाऱ्या मोटारीस ही मधली वाट पुष्कळदा पुरेशी ठरते. परंतु विमा प्रतिनिधी ती आपण होऊन सुचवीत नाहीत, म्हणून विचारून घ्यावी. तिसरी वाट म्हणजे सर्वसमावेशक विमा. त्यात अपघात, आग, चोरी, पूर, दंगल हे सारे येते. मात्र गंज, झीज आणि यंत्र आपोआप बिघडणे त्यात येत नाही, आणि जुन्या मोटारीचे खरे दुखणे पुष्कळदा तेच असते. ते आपल्यालाच निस्तरावे लागते.

सर्वसमावेशक विमा घेताना सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे मोटारीचे घोषित मूल्य. यास कंपन्या ‘आय.डी.व्ही.’ म्हणतात. नव्या मोटारीसाठी ते ठरविण्याचे कोष्टक आहे. दरवर्षी ठरावीक टक्के घट धरावयाची, आणि पाचव्या वर्षी मूल्य निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर कोष्टक संपते. तेथून पुढे मूल्य कंपनी आणि विमेदार यांच्या परस्पर संमतीने ठरते. ‘परस्पर संमती’ या दोन शब्दांकडे आमच्या घरांतून कोणी पाहत नाही. प्रतिनिधी एक आकडा लिहितो, आपण सही करतो, आणि तीच संमती समजली जाते. वहिनींच्या जुन्या विमापत्रावर साठ हजारांचा आकडा होता. तो कोणी सांगितला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मूल्य कमी लिहिले तर हप्ता थोडा वाचतो, हे खरे. पण त्याचा परिणाम काय होतो ते आम्ही वहिनींना पाटीवर हिशेब करून दाखविले. समजा, अपघात झाला आणि दुरुस्तीचा खर्च ऐंशी हजार आला. त्यात साठ हजार सुट्या भागांचे आणि वीस हजार मजुरीचे. दहा वर्षांवरील मोटारीच्या धातूच्या भागांवर कंपनी निम्मी घट धरते. रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर तर मोटार नवी असली तरी निम्मीच. काचेवर घट नाही. म्हणजे भागांचे तीस हजार आणि मजुरीचे वीस हजार, असे पन्नास हजार कंपनीच्या वाट्याला येतात. आता नियम असा, की हा खर्च घोषित मूल्याच्या पाऊण पटीहून अधिक झाला तर मोटार ‘पूर्ण नष्ट’ समजावयाची. साठ हजारांच्या पाऊण पट म्हणजे पंचेचाळीस हजार. पन्नास हजार त्याहून अधिक झाले. मोटार कागदावर नष्ट झाली. कंपनी साठ हजारांतून सक्तीची एक हजाराची वजावट करून रक्कम देणार, आणि सांगाडा घेऊन जाणार किंवा त्याची किंमत कापून घेणार.

त्याच मोटारीचे मूल्य दोन लाख लिहिलेले असते, तर पाऊण पट दीड लाख झाली असती. पन्नास हजार त्याच्या आत बसले असते. कंपनीने एकोणपन्नास हजार दिले असते, आपल्या पदरचे एकतीस हजार गेले असते, आणि मोटार दुरुस्त होऊन वाड्यात परत आली असती.

वहिनींनी पाटीकडे बराच वेळ पाहिले. त्या म्हणाल्या, “म्हणजे कमी किंमत लिहून आम्हीच मोटार भंगारात घालण्याची परवानगी दिली होती.”

मात्र मूल्य वाढवून लिहिले म्हणजे काम झाले असेही नाही. मनातली किंमत विमापत्रावर चढत नाही. पुराव्यानिशी जे सांगता येईल तेवढेच मूल्य मागावे: मोटारीची चारही बाजूंनी व इंजिनाची छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या, परवानाधारक सर्वेक्षकाचा मूल्यांकनाचा दाखला, आणि तशाच स्थितीतील मोटारी कोणत्या भावाने विकल्या जातात याचा अंदाज. दोन निरनिराळ्या मूल्यांवर हप्ता किती पडेल हे कंपनीकडून लेखी मागवून घ्यावे, म्हणजे फरक डोळ्यांपुढे येतो. मोटारीत नंतर बसविलेली संगीतयंत्रे वगैरे स्वतंत्र नोंदवावी लागतात; न नोंदविल्यास त्यांची भरपाई मिळत नाही.

येथे चिरंजिवांनी एक शंका काढली. “काका, मोटार पन्नास वर्षांची झाली. तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद केली तर?”

शंका योग्य होती, पण ‘व्हिंटेज’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, आणि त्यांची गल्लत होते. २००२ च्या विमा दरपत्रकात व्हिंटेज म्हणजे १९४० अखेरपूर्वी तयार झालेली आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ या संस्थेने तशी प्रमाणित केलेली मोटार. अशा मोटारीसाठीच ‘संमत मूल्या’चे विमापत्र देण्याची मुभा त्यात होती, त्यात मोटार पूर्ण नष्ट झाल्यास ठरलेली रक्कम घट न धरता द्यावयाची असते. २००७ पासून स्वतःच्या हानीच्या विम्याचे दर खुले झाले, म्हणून कोणती कंपनी आज कोणाला काय देते हे विचारूनच घ्यावे. दुसरा अर्थ २०२१ च्या केंद्रीय नियमांचा. त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेली, आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. १९७३ ची फियाट या दुसऱ्या अर्थाने पात्र ठरते, पहिल्या अर्थाने ठरत नाही.

या नोंदणीचा मान मोठा असला तरी तिला बंधनेही आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. अशी मोटार प्रदर्शन, संचलन, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. २०२२ च्या दरांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीस परक्याच्या विम्यात निम्मी सवलत आहे. ३,४१६ चे निम्मे १,७०८. दहा वर्षांचे १७,०८०. म्हणजे केवळ सवलतीसाठी वीस हजार भरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. ज्यांना मोटार प्रदर्शनात न्यावयाची आहे त्यांनी ती नोंद अवश्य करावी. मैलारच्या यात्रेला आणि भाचीच्या वरातीला जाणाऱ्या मोटारीस साधी नोंदणीच बरी.

आमच्या भागातील अनेक जीपगाड्यांचे दुखणे याहून निराळे आहे. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविलेले, सांगाडा लांबविलेला, किंवा दूर हरियाणातील डबवालीहून मनाजोगती ‘बनवून’ आणलेली जीप, आणि नोंदणीपुस्तकात मात्र जुनेच वर्णन. कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. गॅसची टाकी बसविण्यासारखे जे बदल कायद्यात बसतात, तेही नोंदणीपुस्तकात चढवून विमा कंपनीस कळवावे लागतात. अपघातानंतर सर्वेक्षक प्रथम इंजिनाचा क्रमांक ताडून पाहतो. तो जुळला नाही, तर भरलेले सारे हप्ते वाया जाण्याची वेळ येते.

वरातीबद्दलही एक सावधगिरी हवी. घरच्या किंवा स्नेह्यांच्या कार्यात मोटार बिनमोबदला देणे निराळे, आणि पाच हजार रुपये घेऊन देणे निराळे. खासगी विमापत्रात भाड्याने वापर वगळलेला असतो. हौसेखातर घेतलेले ते पाच हजार पुष्कळ महागात पडू शकतात.

हे सर्व बोलून झाल्यावर आम्ही पिशवीतले कागद पाहिले, आणि खरी अडचण तेथेच निघाली. नोंदणीपुस्तकावर नाव आमच्या मित्राचे, विमापत्रावरही त्याचेच. मालकाच्या मृत्यूची वार्ता नोंदणी कार्यालयास तीस दिवसांत कळवावी आणि तीन महिन्यांत वारसाने नाव चढविण्याचा अर्ज करावा, असा नियम आहे. विमापत्रही त्याच्या पश्चात तीन महिनेच, किंवा त्याआधी मुदत संपत असल्यास तेवढेच, वारसांच्या उपयोगी पडते. तीस दिवस केव्हाच उलटले होते. तीन महिन्यांना काही आठवडे उरले होते. मायलेक हप्त्यावरून वाद घालीत होते, आणि ज्याच्या नावाने हप्ता भरावयाचा तो माणूस या जगात नव्हता.

त्यातच वहिनींच्या धाकट्या दिरांनी मोटार उदगीरला नेण्याची इच्छा दर्शविली होती. भालकी आणि उदगीर आम्हां लोकांना एकाच अंगणातले. १९५६ साली मधून राज्याची सीमा गेली, तरी सोयरीक तुटली नाही. विमापत्रही देशभर चालते. सोलापुरात घेतलेले बीदरला चालते. परंतु वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाचे तर येथील ना-हरकत दाखला नेऊन तेथे नव्याने नोंद करावी लागते, आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक बदलणे वहिनींना मान्य नव्हते. मोटार भालकीतच राहील, असे ठरले.

वहिनींनी अखेर असे केले. दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला व वारसांची संमतिपत्रे घेऊन मोटार स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज दिला. विमा कंपनीसही लेखी कळविले. चिरंजिवांनी छायाचित्रे काढली, जुन्या पावत्या शोधल्या, सर्वेक्षकाकडून दाखला घेतला. दोन कंपन्यांकडून लेखी दर मागविले आणि एक लाख ऐंशी हजारांच्या मूल्यावर सर्वसमावेशक विमा घेतला. मालकचालकासाठी पंधरा लाखांचे जे व्यक्तिगत अपघाताचे संरक्षण असते, ते मालकापाशी वाहन चालविण्याचा परवाना असेल तरच लागू होते. वहिनी मोटार चालवीत नाहीत. म्हणून त्यांनी त्याऐवजी चालक आणि आत बसणारे यांच्यासाठी थोडा अधिक हप्ता भरून संरक्षण घेतले. हे आम्हांलाही नवीन होते. चिरंजिवांनीच ते विचारून काढले.

वाचकहो, आपल्या वाड्यात, अंगणात, शेतावरच्या छपरात अशी एखादी मोटार किंवा जीप उभी असेल, तर तिचे कागद आज काढून पाहावेत. नाव हयात माणसाचे आहे काय? इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळतो काय? लिहिलेले मूल्य कोणी ठरविले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे कोणता विमा घ्यावा हे ठरविणे फारसे अवघड राहत नाही.

खंडेनवमीला आम्हांस वहिनींकडून बोलावणे आले. मोटार धुऊन पुसून अंगणात उभी होती, झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबे ठेवली होती. पूजा झाल्यावर आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या दिनदर्शिकेकडे पाहिले. पुढील वर्षाची दिनदर्शिका अजून यावयाची होती, म्हणून वहिनींनी मागच्या पुठ्ठ्यावरच विम्याची अखेरची तारीख लाल शाईने लिहून ठेवली होती. तेथे आम्हांस आळंदचा तो हजेरीपट आठवला. मग चिरंजिवांनी मोटार सुरू केली आणि आम्ही सगळे मैलारला जाऊन आलो.